पाळी आणि विडा

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. किती जुनी ते मला ठाऊक नाही, आणि ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या काळी डोंगरांच्या मधोमध एक लहानसं राज्य होतं. तिन्ही बाजूंना उभे कडे, आणि चौथ्या बाजूला एक अरुंद खिंड. शत्रू येणार तर त्या खिंडीतूनच येणार. म्हणून खिंडीवर बारा महिने पहारा असायचा.

हा पहारा पाळीने चाले. प्रत्येक घराने वर्षातून पंधरा दिवस आपला एक धडधाकट माणूस खिंडीवर पाठवायचा. सोनार असो, सुतार असो, देवळातला गुरव असो, पाळी कुणाला चुकत नसे. ऐकायला किती छान वाटतं! पण खोटं कशाला बोला, ही माणसं पहारा द्यायची म्हणजे दिवस ढकलायची. तेली भाल्यावर ओलं धोतर वाळत घालायचा. वाणी तिथेही गिऱ्हाईक शोधायचा. ज्याच्या घरी सुबत्ता होती, तो आपल्या जागी गड्याला पाठवून मोकळा व्हायचा.

एकदा काय झालं, एका शिंप्याची पाळी होती. भर दुपारी खिंडीतून ताशे-वाजंत्री वाजवत पन्नास-साठ माणसं आली. डोक्याला फेटे, कपाळाला गंध. शिंप्याला वाटलं, वरात आहे. त्याने भाला बाजूला ठेवून वाट करून दिली आणि वर विचारलं, "नवरदेव मागे राहिला की काय?" ते दरोडेखोर होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी खालच्या पेठेतली धान्याची सात कोठारं साफ केली, तिघांना जिवे मारलं, आणि जाताना त्याच शिंप्याच्या हातावर पेढा ठेवून निघून गेले.

राजा संतापला. तेव्हा प्रधान पुढे झाला. माणूस हुशार होता आणि मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रधान म्हणाला, "महाराज, मारून मुटकून कुणी शिपाई होत नाही. ज्याचं मन सुईत आहे, त्याच्या हातात भाला देऊन काय उपयोग? ज्याला खुशी असेल त्यानेच जावं. बाकीच्यांनी आपापली कामं करावी आणि जाणाऱ्याचं घर सांभाळावं."

राजाला पटलं. तुम्हाआम्हालाही पटलं असतं. त्या वर्षापासून पाळी बंद झाली आणि विडा सुरू झाला.

विड्याची रीत अशी होती. दसऱ्याला मोठ्या मैदानात पाटावर चांदीचं तबक ठेवायचं. तबकात पानाचे विडे. ज्याला शिपाई व्हायचं असेल त्याने पुढे येऊन आपल्या हाताने एक विडा उचलायचा. त्याला विडेकरी म्हणत. त्याने सात वर्षं चाकरी करायची, आणि त्याच्या घराला खालच्या खोऱ्यात ओलिताचं, बारमाही पाण्याखालचं एक शेत मिळायचं. मैदानात विडा कुणाच्या हातात देण्याची मात्र सक्त मनाई होती. कारण त्या राज्यात सणाच्या दिवशी हाती आलेला विडा नाकारणं अपशकुनी मानत, आणि प्रधानाला कुणावर तेवढीही बळजबरी नको होती.

हे विडे बांधायचं काम भिवरा तांबोळिणीकडे आलं.

भिवरेचा नदीकाठी पानमळा होता. नवरा लवकर गेला होता. जीभ चुन्यासारखी, जरा जास्त झाली की समोरच्याला भाजायची. घरात ती आणि तिचा सात वर्षांचा मुलगा येसा, एवढीच माणसं. राजाकडून काम आलं तेव्हा ती आठ दिवस गावभर सांगत फिरली. तिने निवडून निवडून पानं काढली, प्रत्येक विड्याला लवंग टोचली, आणि दसऱ्याला दिवसभर तबकाशेजारी जमिनीवर बसून विड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

पहिल्या वर्षी तीस विडे होते. सगळे संपले. सुताराच्या पोराने एक उचलला, सावकाराच्या पुतण्याने एक, धनगरांच्या दोघांनी दोन, उत्तरेच्या माळावरच्या पाच-सहा जणांनी. दिवाळीनंतर तेच दरोडेखोर पुन्हा वाजंत्री वाजवत आले. विडेकऱ्यांनी त्यांना नवरीच्या बापाचं नाव विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं, आणि दरोडेखोर पुन्हा कधी त्या वाटेला आले नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? बिघडलं काहीच नव्हतं. निदान पहिली तीन-चार वर्षं तरी नव्हतं.

पुढे पुढे मात्र पेठेतली माणसं खिंड विसरली. पूर्वी घरटी कुणी ना कुणी तिथे थंडीत कुडकुडून आलेला असायचा. आता खिंड कुठल्या बाजूला आहे, हेही निम्म्या लोकांना सांगता येईना. विडेकरी रस्त्याने चालले की लोक मागे सरून नमस्कार करायचे, बायका ओवाळायच्या. नाव मात्र एकाचंही कुणाला ठाऊक नसायचं.

आणि सदरेवर तर गंमतच झाली. सदर म्हणजे राजाची बैठक. तिथे अकरा पेठांचे अकरा मानकरी बसत. पाळीच्या दिवसांत लढाईचं नुसतं नाव निघालं, तरी हे अकराजण आठ-आठ दिवस भांडायचे. कुणाचा भाऊ पाळीवर असायचा, कुणाच्या मुलाची पाळी पुढच्या पंधरवड्यात यायची. आता भांडण उरलं नाही. राजा विचारायचा, "काय करावं?" आणि मानकरी म्हणायचे, "तबक ठेवून बघू या, महाराज."

तबक ठेवून बघणं म्हणजे काय, तर दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत तबक रिकामं झालं, तर प्रजेला लढाई हवी आहे असं समजायचं. भरलेलं राहिलं, तर नको आहे. किती सोपं! आणि तबक दरवर्षी रिकामं व्हायचं. एका वर्षी शेजारच्या राजाने ओढ्याला बांध घातला, म्हणून लढाई झाली. पुढे राजाची पांढरी घोडी चरत चरत शीव ओलांडून गेली आणि तिच्यावर पलीकडचा कुणी तरी बसला, म्हणून लढाई झाली. घोडी परत आली. चाळीस विडेकरी परत आले नाहीत.

भिवरा दरवर्षी तबकाशेजारी बसत होती. जमिनीवर बसल्यामुळे तिला माणसांचे चेहरे नंतर दिसायचे, पाय आधी. पहिल्या वर्षी तबकापुढे तऱ्हेतऱ्हेचे पाय आले होते. कुणाच्या पायात करकरीत वहाणा, कुणाचे मऊ तळवे. मग वहाणा कमी होत गेल्या. दहाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की सकाळपासून एकच तऱ्हेचे पाय येताहेत. भेगाळलेले, दगडांनी फुटलेले, अनवाणी. ते पाय माळावरचे होते.

माळ म्हणजे राज्याचं उत्तरेचं टोक. तिथे पाऊस बरा झाला तर बाजरी व्हायची, नाही तर दगड. पाण्याखालचं शेत म्हणजे काय, हे माळावरच्या माणसाला विचारावं. तिथले काही जण पोटासाठी विडा उचलायचे, काही हौसेने, आणि काही खरोखर आपल्या मुलखासाठी. शूर तर सगळेच होते. भिवरेने ते पाय पाहिले, आणि विड्यांवर पाणी शिंपडून ती गोष्ट सोडून दिली. तिच्या घरातलं कुणी तबकापुढे आलं नव्हतं ना!

माळावरची ठकू कोंबड्या विकायला बाजारात यायची आणि भिवरेच्या शेजारी बसायची. घोडीच्या लढाईत ठकूचा थोरला मुलगा गेला. भिवरा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नकोस, ठके. पोर खुशीने गेलं होतं. कुणी ओढून नेलं नव्हतं."

ठकूने पाठीवरचा हात बाजूला सारला. मग तिने कोंबड्यांची डालगी उचलली आणि ती दुसरीकडे जाऊन बसली. त्या दिवसापासून दोघी बोलेनाशा झाल्या. आपलं काय चुकलं, हे भिवरेला कळेना.

अशी बारा वर्षं गेली. आणि शेजारच्या राजाकडे लग्न निघालं.

आपल्या राजाने लग्नाला मानाचा आहेर देऊन एक वकील पाठवला. तिकडच्यांनी त्याला जेवायला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत जागा नव्हती म्हणे. वकील ताटावरून उठून आला आणि त्याने सदरेवर येऊन सांगितलं, "महाराज, दुसऱ्या रांगेत! आणि शेजारी कोण, तर नवरीच्या मामाचा सोयरा!"

अकरा मानकरी एकदम ओरडले, "हा राज्याचा अपमान आहे!" राजाने भिवरेकडे निरोप पाठवला, यंदा पाचशे विडे बांध.

भिवरेने पानं खुडायला घेतली. येसा आता एकोणीस वर्षांचा होता, मळा तोच बघायचा. उंच, हसरा, आणि आईसारखाच बोलका. टोपली भरता भरता तो म्हणाला, "आई, यंदा एक विडा माझा."

"तुला किती वेळा सांगितलं, बांधलेल्या विड्यांतला खाऊ नकोस."

"खायला नाही गं. उचलायला."

भिवरेच्या हातातली पानं खाली पडली. "वेड लागलं का तुला? कशासाठी जाणार आहेस?"

"सगळे जातात."

"कोण सगळे? पेठेतलं एक नाव सांग मला."

येसा मग हसून म्हणाला, "मग मी पहिला! लहानपणापासून बघतोय, आई. तू विडे बांधतेस आणि लोकांची पोरं उचलतात. मला आता लाज वाटते त्याची."

 भिवरेने रागवावं तर पोरगं वाईट बोललं नव्हतं. तिने त्याला शपथा घातल्या, मळा दाखवला, रडून पाहिलं. येसा आपला एकच म्हणे, "मी खुशीने जातोय ना? मग?"

ती तडक प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, रांगेचं भांडण आहे हो हे! कुणाला कुठे बसवलं, यावरून पाचशे पोरं पाठवणार?"

प्रधानाने तिला बसायला पाट दिला. तो शांतपणे म्हणाला, "भिवराबाई, कुणावर जबरदस्ती आहे का? आपण नुसतं तबक ठेवतो. लोकांना लढाई नको असेल तर ते भरलेलं राहील. रिकामं झालं, तर तो प्रजेचा कौल. यात ना राजाचा दोष, ना माझा."

"रिकामं कोण करतं, ते कधी बघितलंत?"

"जे खुशीने येतात ते."

"माझा येसा जातो म्हणतोय."

 "वाईट वाटतं ऐकून," प्रधान म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पण मी त्याला अडवलं तर उद्या सगळ्यांनाच अडवावं लागेल."

भिवरा तिथून निघाली आणि जन्मात पहिल्यांदा माळ चढून गेली. ठकूचं घर तिने विचारत विचारत शोधलं. ठकू दारातच बाजरी पाखडत होती. भिवरेला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"कशी वाट चुकलीस?" ठकू म्हणाली.

"माझा येसा विडा उचलणार आहे."

सूप थांबलं. ठकूने तिला आत बोलावलं आणि गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं. भिवरेने त्यांना हात लावला नाही.

"ठके, मी तुला नको ते बोलले होते," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. माझा थोरला खुशीने गेला हे काही खोटं नव्हतं," ठकू म्हणाली. "वीस वर्षांचं पोर. त्याला घोड्यावर बसायची खुशी, फेट्याची खुशी, घराला शेत मिळेल याची खुशी. विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर तीही त्याने खुशीने मारली असती. त्या वयात असंच असतं. पण ज्यांनी लढाई ठरवली, ते काही वीस वर्षांचे नव्हते. त्यांना कळायला नको? धाकट्यानेही गेल्या वर्षी विडा उचलला. अक्का, तुझं तबक दरसाल मैदानात ठेवतात. एकदा सदरेवर का नाही ठेवत?"

भिवरेने गुळाचा खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायली, आणि उठली.

दसऱ्याच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. राजा सदरेवर बसला होता, शेजारी युवराज, समोर प्रधान आणि अकरा मानकरी. खाली पाट मांडलेला होता. पाचशे विड्यांची तबकं घेऊन माणसं आली, आणि सगळ्यात पुढे मोठं तबक घेऊन भिवरा. पण ती पाटाजवळ थांबली नाही. ती सदरेच्या पायऱ्या चढून वर गेली आणि पहिल्या मानकऱ्यापुढे उभी राहिली. तबकातला एक विडा उचलून तिने त्याच्यापुढे धरला.

"घ्या."

मानकरी दचकला. "मला कशाला?"

"लढाई तुम्हीच ठरवलीत ना? आधी तुमचा मान."

प्रधान उठून म्हणाला, "भिवराबाई, हे काय? विडा हातात द्यायचा नसतो."

"मैदानात द्यायचा नसतो. सदरेवर देऊ नये असं कुठे लिहिलंय? दाखवा आणि मी खाली जाते."

असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सदरेवर विडा येईल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. राजाला तर सुरुवातीला मौज वाटली. तो म्हणाला, "देऊ दे तिला."

पहिला मानकरी म्हणाला, "माझा गुडघा धरलाय गं."

"मग मुलाला पाठवा."

"त्याची आत्ताच सोयरीक जुळलीय."

भिवरा पुढे सरकली. दुसऱ्याला दिसत कमी होतं. तिसऱ्याला एकच मुलगा होता. "मलाही एकच आहे," भिवरा म्हणाली आणि चौथ्याकडे वळली. चौथ्याच्या घरी बारसं होतं. पाचव्याला ज्योतिषाने उत्तरेचा प्रवास वर्ज्य सांगितला होता. खाली मैदानात लोक आधी हसले. सातव्या-आठव्याला हसणं थांबलं. अकरावा तर नुसता उपरण्याने तोंड पुसत बसला. आणि ज्याने त्याने हात मात्र मांडीखाली दाबून धरला होता, न जाणो, विडा हातात पडायचा.

ती प्रधानापुढे आली. प्रधानाला दोन मुलगे होते, दोघेही गर्दीत उभे होते.

प्रधान चिडून म्हणाला, "विडा हा खुशीचा असतो. असा तोंडासमोर धरायचा नसतो!"

"तोंडासमोर धरल्याबरोबर पळून जाते, ती कसली हो तुमची खुशी?" भिवरा म्हणाली. "आयजीच्या जिवावर बायजी उदार! बारा वर्षं मी तुमचे विडे बांधले. या तबकाला एका मानकऱ्याच्या घरचा हात लागलेला मी पाहिला नाही. आणि कौल म्हणे प्रजेचा!"

प्रधानाने विड्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. त्याचा हात उचलेना. तो हळूच म्हणाला, "खोटं कशाला सांगू, बाई. माझ्याने घेववत नाही." आणि तो खाली बसला.

आता राहिला राजा. भिवरा पुढे गेली आणि तिने विडा राजासमोर धरला. 

राजा काही बोलायच्या आत युवराज उठला. तोही एकोणीस-वीस वर्षांचाच होता. त्याचे डोळे चमकत होते. "मी घेतो!" तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

राजाने झटकन त्याचं मनगट धरलं.

विचार करून नाही धरलं. पेटत्या चुलीकडे निघालेल्या पोराला आई धरते, तसं धरलं. युवराज म्हणाला, "सोडा ना, मी खुशीने घेतोय." राजाने पकड आणखी घट्ट केली.

ते सगळ्या मैदानाने पाहिलं.

भिवरेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती म्हणाली, "महाराज, तुम्हाला मनगट धरता आलं. माळावरच्या बायकांनी कुणाचं मनगट धरायचं? खाली माझा पोरगा उभा आहे. तुम्ही सांगा, मी त्याला धरू की सोडू?"

राजाने आपल्या हाताकडे पाहिलं. पांढरी घोडी, ओढ्याचा बांध, परत न आलेली चाळीस माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. तो मग म्हणाला, "तबकं झाका."

शेजारच्या राजाकडे लढाईऐवजी निरोप गेला, "पुढच्या लग्नाला आमच्या माणसाला कुठेही बसवा, फक्त उपाशी पाठवू नका." तिकडचा राजा खो खो हसला आणि त्याने दोन गाड्या भरून लाडू पाठवले. पाचशे विडे गावाने खाल्ले, आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांची तोंडं लाल होती.

पण राजा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रधानाला नवी रीत लिहायला सांगितली, आणि प्रधानाने ती मान खाली घालून नीट लिहिली. खिंडीवर विडेकरीच राहिले, कारण भाला चालवणं हे शिकून करायचं काम आहे आणि शिंप्याला शिंपीच राहू द्यावं, हे काही खोटं नव्हतं. मात्र खिंडीवर दाणागोटा आणि लाकूडफाटा वाहून न्यायची पाळी पुन्हा घरोघर लागली. आता त्यात गडी पाठवायची सोय नव्हती, ज्याचं त्याने जायचं. आणि शीव ओलांडून लढाई करायची असेल, तर तबक आधी सदरेवर फिरेल. जो मानकरी लढाई हवी म्हणेल, त्याच्या घरचा पहिला विडा. मग तबक खाली मैदानात जाईल.

त्यानंतर सहा वर्षं लढाईसाठी तबक निघालंच नाही. अपमान काही कमी झाले नव्हते. एकदा तर शेजाऱ्यांनी वकिलाला तिसऱ्या रांगेत बसवलं, आणि तो पोटभर जेवून परत आला.

सातव्या वर्षी खरा शत्रू आला. दूरचा, मोठा, वाटेतली गावं जाळत येणारा. खिंडीवर दाणागोटा न्यायला गेलेल्या एका सोनाराने सगळ्यात आधी धुरळा पाहिला आणि तो ओझं टाकून पळत आला. त्या दिवशी दसरा नव्हता, पण तबक निघालं. सदरेवरून खाली येईपर्यंतच ते अर्धं झालं होतं. गुडघा धरलेल्या मानकऱ्याचा मुलगा गेला. प्रधानाचे दोघे गेले. युवराज गेला, आणि राजाने या वेळी त्याचं मनगट धरलं नाही. माळावरचे गेले, पेठेतले गेले. येसाही गेला. मनाई असूनही भिवरेने त्याला आपल्या हाताने विडा दिला आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

नऊ दिवस खिंड लढली. दहाव्या दिवशी शत्रू मागे फिरला. राज्य वाचलं.

युवराज एक हात गमावून परतला. ठकूचा धाकटा परतला. प्रधानाचा थोरला परतला नाही. आणि येसा परतला नाही.

भिवरा अंगणात बसून हंबरडा फोडून रडली. पोर गेलं ते गेलं, राज्य वाचलं म्हणून काही आईचं दुःख हलकं होत नाही. ठकू माळावरून उतरून आली ती महिनाभर परत गेलीच नाही. प्रधानाची बायको आली, पेठांपेठांतल्या बायका आल्या, राणी आली. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरीही तसंच अंगण होतं. त्या एकमेकींना धरून रडल्या. समजूत काढायच्या भरीला मात्र कुणी पडलं नाही. येसा कशासाठी गेला, हे भिवरेला कुणी सांगावं लागलं नाही. ते तिला ठाऊक होतं.

तात्पर्य: खुशीने लढणारे कितीही मिळोत, लढाई ठरवावी ती ज्याच्या घरचं माणूस तीत जाणार आहे त्यानेच.